पोराच्या छातीत घरघर, बापाच्या खिशात बंडल

प्रश्न तालुक्याच्या गावी ओपीडी चालवणाऱ्या एका तरुण बालरोगतज्ज्ञाचा आहे. वारंवार घरघर आणि न्यूमोनिया होणाऱ्या मुलांच्या घरी कोणी ना कोणी ओढणारं निघतंच. सांगायला गेलं की बाप मान हलवतो आणि पुढच्या खेपेला आईला एकटीला पाठवतो. हातात वेळ चार-पाच मिनिटांचा. अशा वेळी काय बोलावं? आणि बापाला तंबाखू सोडायचं औषध आपण द्यावं का, की ते आपलं काम नव्हे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. हो, द्यावं. तुमच्यासमोर बसलेला बाप बहुतेक वेळा तिशीतला, धडधाकट असतो. स्वतःसाठी तो वर्षानुवर्षं कुठल्या दवाखान्याची पायरी चढत नाही, पोरासाठी मात्र वर्षातून चार-सहा वेळा येतो. तंबाखूबद्दल त्याच्याशी बोलू शकेल असा डॉक्टर बहुधा तुम्हीच. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१५ सालच्या धोरणात पालकांच्या तंबाखूच्या सवयीवर उपचार करणं बालरोगतज्ज्ञाच्या कामात धरलं आहे. त्याच्याही आधी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून ‘सीझ’ नावाचा कार्यक्रम निघाला. त्याची रीत तीन पायऱ्यांची: विचारा, मदत द्या, पुढे जोडून द्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत ही रीत वापरणाऱ्या बालरोग दवाखान्यांत ओढणाऱ्या पालकांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना खरीखुरी मदत मिळाली, नेहमीच्या दवाखान्यांत साडेतीन टक्क्यांना. तिथले डॉक्टर जास्त कळकळीचे होते असं काही नाही. विचारायचा कागद, औषधाची चिठ्ठी आणि क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, फॉर्म त्यांच्या हाताशी तयार होता, इतकंच.

अपेक्षाही बेताची ठेवा. अशा प्रयत्नांचा एकत्रित हिशेब २०१२ साली मांडला गेला, तेव्हा समुपदेशन मिळालेल्या पालकांपैकी सुमारे २३ टक्क्यांनी सोडलं, न मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांनी. म्हणजे शंभर जणांशी नीट बोललात तर चार-पाच जास्त. मुलांभोवतीचा धूर कमी करण्याच्या ७८ अभ्यासांचा २०१८ चा कोक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा तर सांगतो की हमखास लागू पडणारी एकच एक रीत सापडलेली नाही. पण ही चार-पाच घरं दर शंभरामागची आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत एकाहून जास्त पोरं असतात. नेब्युलायझर लावून आपण जे करतो ते दोन आठवडे टिकतं, हे त्याहून बरंच जास्त टिकतं.

विचारायचं कसं

महाराष्ट्रात “सिगारेट ओढता का?” हा प्रश्न जवळपास फुकट जातो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूर न काढता वापरणारे २४.४ टक्के. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, मिश्री, तपकीर असं सगळं त्यात आलं. देशभरातही सिगारेटपेक्षा बिडीच जास्त ओढली जाते. त्यामुळे बिडीवाला “सिगारेट? छे, नाही बुवा” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, तुमचा प्रश्न चुकलेला असतो. आणि आईला तर हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

म्हणून प्रश्न घराबद्दल विचारा आणि “वापरतं का” ऐवजी “कोण कोण वापरतं” असं विचारा: “घरात तंबाखू कोण कोण वापरतं? बिडी, सिगारेट, तंबाखू-चुना, मावा, मिश्री?” नावं घेऊन विचारलं की माणूस आठवून सांगतो. हा प्रश्न वजन घेताना सिस्टरनेच विचारावा, लसीची तारीख विचारतात त्याच सुरात, सगळ्यांना, घरघर नसलेल्या पोराच्या आईबापालाही. फक्त खोकणाऱ्या पोराच्या बापाला विचारलं की तो आरोप वाटतो. उत्तर बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर वजनाशेजारी लिहा: “आजोबा – बिडी, बंडल १, वडील – तंबाखू-चुना, आई – मिश्री.”

किती, हेही घरच्या मापात विचारा. बिडीवाल्याला “बंडल किती दिवस पुरतं?”, सिगारेटवाल्याला “दिवसाचे किती रुपये जातात?”, तंबाखूवाल्याला “पुडी किती दिवस चालते?” सुट्या सिगारेट आणि बिड्या विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे. टपरीवर मात्र सुट्याच खपतात, त्यामुळे नग विचारला की आकडा कमी येतो आणि रुपये विचारले की खरा येतो.

पुढचा प्रश्न बाळ झोपतं कुठे आणि धूर निघतो कुठे. एका खोलीच्या घरात आजोबा पहाटे अंथरुणातच बिडी पेटवत असतील तर बापाला समजावून काय होणार? बाळ ओढणाऱ्याच्या कुशीत झोपत असेल तर ते वेगळं नोंदवा. पहिल्या सहा महिन्यांत झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्यानं वाढतो, आणि हा धोका आजच्या आज झोपायची जागा बदलून कमी करता येतो. टपरी, गॅरेज, रिक्षा, दुकानाचा गल्ला, जिथे पोर बापासोबत तासन्‌तास बसतं, तेही विचारा.

एक पथ्य कडकपणे पाळा. निरोप आईच्या हाती देऊ नका. “तुमच्या मिस्टरांना सांगा, बिडी बंद करा” हे वाक्य सांगायला सोपं असतं, घरी पोचल्यावर त्याची किंमत ती बाई मोजते. नवऱ्याला राग येतो, सासऱ्याबद्दल असेल तर सुनेनं बाहेर घरातलं बोलून दाखवलं असा अर्थ निघतो. तुमच्या प्रश्नातला बाप पुढच्या खेपेला येत नाही, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. त्याऐवजी “पुढच्या लसीच्या डोसला बाळाच्या वडिलांना मला भेटायचं आहे” एवढंच चिठ्ठीवर लिहा, कारण लिहू नका. आजोबा ओढत असतील तर त्यांनाच बोलवा. नातवाला घेऊन आलेला आजोबा मुलाच्या सांगण्याला बधणार नाही, पण डॉक्टरांनी खुर्ची देऊन “आजोबा, जरा बसा, तुमच्याशी बोलायचंय” म्हटलं तर ऐकतो.

बोलायचं काय

मान हलवणारा बाप गप्प का बसतो? त्याला नवीन काही कळलेलं नसतं. कॅन्सरचं चित्र पाकिटावर तो रोज बघतो. “तुमच्यामुळे पोर आजारी पडतंय” हे ऐकून त्याला लाज वाटते आणि लाजेवर त्याच्याकडे एकच औषध असतं, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर पेटवायचं. म्हणून दोष, धोका, कॅन्सर हे तिन्ही बाजूला ठेवा. तीस सेकंदांत एवढं बोला:

“दादा, बाळाच्या छातीतल्या नळ्या अजून बारीक आहेत. धूर लागला की त्या आणखी आवळतात. आजच्या औषधानं मोकळं वाटेल त्याला, पण घरात धूर राहिला तर महिन्याभरात आपण परत इथंच भेटू. बिडी सोडणं सोपं नसतं. त्याला औषध मिळतं, मी देऊ शकतो. हवंय का?”

आणि थांबा. पुढचं वाक्य त्याचं आहे. इथे घाईनं फायदे सांगायला लागलात की तो परत मान हलवायच्या कामाला लागतो.

“हो” आलं तर लगेच औषधाकडे वळा. “नाही” आलं तर वाद नको. “ठीक आहे, घर आणि गाडी तरी बिनधुराची ठेवू, पुढच्या डोसला परत विचारेन” एवढं म्हणून सोडा, आणि खरंच विचारा. सगळ्यात जास्त वेळा येतं ते “बघू”. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे सभ्य भाषेतला नकार. तो फोडायला एक जुनं माप कामी येतं: “सोडायची म्हटलं तर मनात सोळा आण्यांपैकी किती आणे आहे?” तो म्हणेल चार आणे. तुम्ही “बारा का नाही?” विचारलंत तर तो न सोडण्याची कारणं मोजून दाखवेल. उलट विचारा: “चार तरी आहेत ना? अजिबात नाही असं का नाही म्हणालात?” आता तो सोडण्याची कारणं स्वतःच्या तोंडानं सांगू लागतो. पोराचं आजारपण, खर्च, बायकोची कटकट, सकाळचा स्वतःचा खोकला. त्यातलं एक उचला आणि तेवढ्यावरच बोला. तो नवरात्रात किंवा श्रावणात मटण-दारू पाळत असेल तर तेही आठवून द्या. महिनाभर मनाला आवर घालता येतो हे त्याला ठाऊक असतं, फक्त तंबाखूच्या बाबतीत त्यानं तो हिशेब कधी लावलेला नसतो.

“मी घरात ओढत नाही, बाहेर जाऊन ओढतो” याचं उत्तर तयार ठेवा, कारण हे वाक्य रोज येणार. आधी शाबासकी द्या, कारण बाहेर ओढणं आत ओढण्यापेक्षा नक्कीच बरं. मग सांगा की तेवढं पुरत नाही. सॅन डिएगोत २००४ साली तान्ह्या मुलांची घरं तपासली, तेव्हा ओढणारे बाहेर जात असलेल्या घरांतही हवेत, धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन न ओढणाऱ्यांच्या घरांपेक्षा पाच ते सात पट सापडलं. धूर शर्टात, मिशीत, बोटांना बसतो आणि ओढून झाल्यावरही काही मिनिटं श्वासातून येत राहतो. रांगणारं पोर तीच चादर आणि तीच फरशी चाटत असतं. पंखा आणि उघडी खिडकी यांनी वास जातो, कण उरतात. तर सुटेपर्यंतची तात्पुरती शिस्त अशी: उंबऱ्याबाहेर, दारापासून लांब, ओढण्याचा एक वेगळा शर्ट बाहेर खुंटीला, आत येताना हात-तोंड साबणानं, चूळ, दहा मिनिटं बाळ उचलायचं नाही. ही शिस्त पाळायचा कंटाळा येतो. कंटाळून काही जण सोडायला तयार होतात, हा तिचा आडफायदा.

आणि मग चूल. “एवढा चुलीचा धूर चालतो, माझ्या दोन बिड्यांनी काय होतं?” हा बापाचा हुकमी एक्का. तो अर्धा खराच आहे, म्हणून नाकारू नका. घरातल्या धुराची यादीच करा. चूल, शेगडी, कचरा, उदबत्ती, आणि डासांची कॉइल. बंद खोलीत एक कॉइल जळून संपते तेव्हा सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघतात, असं २००३ सालच्या मोजणीत दिसलं होतं. मच्छरदाणी लावली की कॉइल सुटते. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी विसरू नका. अंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून बाळाला त्यावर धरतात. आजीला “धुरी वाईट” म्हणाल तर ती ऐकणार नाही. “शेक द्या, पण निखारा विझल्यावर, कापड गरम करून” म्हणाल तर ऐकेल. यादी पुरी झाली की बापाला म्हणा, “चूल बायको बघते, कॉइल आजी बघते, बिडीचं तेवढं तुमच्याकडे.”

औषध देताना

बापाच्या नावाचा वेगळा केसपेपर काढा. बाळाच्या कागदावर त्याचं औषध लिहू नका. तीन गोष्टी बघा.

पहिली, उठल्यावर किती वेळात पहिली बिडी किंवा पहिली चिमूट लागते. अर्ध्या तासाच्या आत म्हणाला तर सवय घट्ट आहे, ४ मिलिग्रॅमचं निकोटीन गम, म्हणजे तलफ भागवणारं चावायचं औषध, लागेल. त्यानंतर असेल तर २ मिलिग्रॅम. बिडी छोटी म्हणून कमी धरू नका, तिच्यातली तंबाखू कमी असते पण निकोटीन भरपूर देते. एक बिडी म्हणजे एक सिगारेट असंच मोजा.

दुसरी, छातीत दुखणं. गेल्या दोन आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, वाढत चाललेलं अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ) किंवा ठोक्यांची गंभीर गडबड असेल तर फिजिशियनकडे. बाकी साध्या रक्तदाबासाठी अडून बसू नका, बिडीतूनही तो निकोटीन घेतोच आहे, वर कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर.

तिसरी गोष्ट बालरोगतज्ज्ञ हमखास विसरतात: बापाचं तोंड उघडून बघा. त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगा. गुटखा-मावा खाणाऱ्यांत तोंड आखडलेलं असतं, दोनच बोटं जातात. अशाला गम चावता येत नाही, निकोटीनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) किंवा चघळायची गोळी द्यावी लागते. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवा.

२ मिलिग्रॅमपर्यंतचं गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, निकोटेक्ससारख्या नावांनी. ४ मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत निकोटीनचे हे पर्याय आलेले आहेत. पण “गम घ्या” म्हणून सोडलंत तर बहुतेक जण ते चुकीचं वापरणार. चूक ठरलेली असते. ते च्युइंगमसारखं सलग चावतात. निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, डोकं गरगरतं, आणि पाकीट कपाटात पडतं. नीट रीत अशी: दहा-पंधरा वेळा सावकाश चावायचं, तोंडात मिरीसारखं चुरचुरलं की थांबायचं, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. तंबाखू-चुना लावणाऱ्याला ही जागा दाखवावी लागत नाही. चुरचुर गेली की परत दोन-चार वेळा चावून दुसऱ्या बाजूला. असं अर्धा तास. पहिलं गम तुमच्यासमोर चावून घ्या. या दोन मिनिटांत पुढचे दोन महिने वाचतात.

दुसरी चूक चहाची. निकोटीन तोंडातूनच शोषलं जायला हवं आणि त्याला आंबट तोंड चालत नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत, ताक घेतल्यावर लगेच गम घातलं तर ते जवळपास वाया जातं. आपल्याकडे बिडी चहाबरोबरच लागते, त्यामुळे माणूस नेमका चहानंतरच गम घालतो. चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा, मग गम. किंवा आधी गम, मग चहा.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कमी घेणं. दिवसाला दोन-तीन गम घेऊन लोक म्हणतात, काही उपयोग नाही. पहिल्या सहा आठवड्यांत जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान आठ-नऊ लागतात. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. २ मिलिग्रॅमचे दिवसाला २४ च्या आणि ४ मिलिग्रॅमचे १५ च्या आत राहा. चिठ्ठीवर “गरजेनुसार” लिहू नका, तो गरज ताणून धरतो आणि मग बिडीच पेटवतो. “सकाळी उठल्यावर, नाश्त्याआधी, कामावर निघताना” असं वेळेनं लिहा.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढत असेल तर पॅच सोयीचा: २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे. दहा किंवा कमी असतील तर १४ पासून सुरुवात. सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून. उन्हात काम करणाऱ्याचा पॅच घामानं सुटतो, कडेनं मायक्रोपोर चिकटपट्टी लावा. रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढायचा. पॅच असूनही तलफ दाटली तर त्यावर २ मिलिग्रॅमचं गम चालतं. घट्ट सवयीत ही जोडी एकट्या औषधापेक्षा चांगली चालते.

आणि ही सूचना तुमच्याशिवाय कोणी देणार नाही: गमची पट्टी आणि पॅच पोराच्या हाताला लागता कामा नयेत. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटीन उरतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडून, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकायचा. तंबाखूची पुडी, जमिनीवर पडलेली थोटकं यांनाही हेच लागू. रांगत्या पोराला अचानक उलट्या, घाम, पांढरेफटकपणा, ग्लानी आली की थोटकं किंवा पुडी आठवून विचारा.

“गमचीच सवय लागली तर?” असं विचारतात. काहींना काही महिने जास्त लागतं, लागू द्या. बाळाला गमचा धूर लागत नाही.

तारीख, तलफ, चहा

सोडायची तारीख चौदा दिवसांच्या आत ठरवा. गुढीपाडवा, मुलाचा वाढदिवस, पुढची एकादशी हे चालतं, पण दोन आठवड्यांपलीकडची तारीख म्हणजे पुन्हा ‘बघू’. अमावस्या नको असेल तर नको, आदल्या दिवशी करा. घरात लग्नकार्य किंवा गावची जत्रा तोंडावर असेल तर तीही टाळा, सुटायची जागा ती नव्हे. मूल ॲडमिट असेल तर ॲडमिशनचाच दिवस पकडा. वॉर्डात ओढता येत नाही, दोन-तीन दिवस आपोआप सुटलेली असते. त्यावर गम चढवून डिस्चार्ज दिला तर सगळ्यात अवघड टप्पा दवाखान्यातच निघून जातो.

चिडचिड, झोपमोड, बेचैनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. हे आधी सांगितलं नाही तर तो तिसऱ्या दिवशी म्हणतो, “मला हे सोसत नाही.” बायकोलाही समोर बसवून सांगा, म्हणजे त्या आठवड्यात ती घरखर्चाचा विषय काढणार नाही. एक तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते. तेवढ्यात पाणी, बडीशेप, चार पावलं, पोराला उचलून घेणं. काडेपेटी, लायटर, चुन्याची डबी घराबाहेर. चुना खिशात राहिला की तंबाखू कोणी ना कोणी देतोच.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास घात करतात. एक, सकाळची. बिडी किंवा मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार खरी आहे. निकोटीन आतड्याला चालना देतं, ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. पहिल्याच दिवसापासून उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी-पेरू द्या. यावर बोलला नाहीत तर सगळी मेहनत चौथ्या सकाळी संडासाच्या दारात संपते. दुसरी गोष्ट चहाची. विडी-सिगारेटचा धूर यकृताला कॅफिन लवकर संपवायला लावतो. धूर थांबला की तोच चहा जास्त चढतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस त्याचा दोष बिडी सोडण्याला देतो. चहा निम्म्यावर आणा. बाप किंवा आजोबा दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना कळवा. त्याच कारणानं तीही रक्तात वाढते.

आईची मिश्री

मिश्रीवर थोडं जास्त, कारण ती डॉक्टरच्या नजरेतून सुटते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटानं दातांना लावायची, दिवसातून एकदा ते पाच-सहा वेळा. बाया तिला व्यसन म्हणत नाहीत, “दात घासते” म्हणतात. घरी भाजत असतील तर त्या ठसक्यानं पूर्ण घर भरतं, बाळ त्याच घरात असतं. भाजणं आधी बंद, हे पहिल्या भेटीतच सांगा.

मुंबईत सुमारे १,२०० गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरली आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही वाढलेलं होतं. पुढच्या खेपेचा विचार असलेल्या आईला हा आकडा सांगा. ग्रॅमची भाषा तिला कळते, बाळाचं वजन ती दर महिन्याला ऐकतेच.

निकोटीन अंगावरच्या दुधात उतरतं, रक्तापेक्षा दुधात जास्त असतं. बाळ किरकिरं राहतं, झोप तुटते. पण यावरून दूध बंद करायला कधीही सांगू नका. मिश्री लावणाऱ्या आईचंही दूध डब्याच्या दुधापेक्षा चांगलंच. सुटेपर्यंत आधी पाजायचं, मग मिश्री, आणि पुढचं पाजणं शक्य तितकं लांब, दोन-तीन तासांनी. दूध पाजणाऱ्या आईला पहिला उपाय औषधाविना: दिवसातल्या मिश्रीच्या वेळा मोजायच्या आणि आठवड्याला एक वेळ कमी करायची. दुपारची आधी, सकाळची सगळ्यात शेवटी. त्या वेळेला साधी दंतमंजन किंवा मीठ-तेल बोटानं लावायला द्या, हाताची सवय भागते. लाल मंजनाच्या डबीवर तंबाखू लिहिलंय का ते वाचून बघा. दात दुखतो म्हणून मिश्री सुरू झाली असेल, आणि बऱ्याचदा तसंच असतं, तर किडलेल्या दाताचा इलाज झाल्याशिवाय ती सुटणार नाही. अगदीच जमलं नाही तर कमी मात्रेचं गम, पाजून झाल्यावर लगेच. सासूही लावत असेल तर दोघींना एकत्र बसवा. एकीनं सोडायचं आणि दुसरीची डबी फळीवर, हे चालत नाही. बाळाला दात येताना हिरड्यांवर मिश्री चोळली जात नाही ना, हेही आजीला हळूच विचारून घ्या.

पाठपुरावा

बाकी डॉक्टरांना पाठपुराव्यासाठी रुग्ण परत बोलवावा लागतो. तुमच्याकडे तो लसीसाठी येतोच. ६, १०, १४ आठवडे हे तीन डोस म्हणजे चार-चार आठवड्यांच्या अंतरानं तीन भेटी, गमच्या पहिल्या आठ आठवड्यांना अगदी बेतून दिल्यासारख्या. दर वेळी सिस्टरनं तोच प्रश्न विचारायचा आणि त्याच पानावर लिहायचं. पहिला फोन मात्र सोडल्यावर तिसऱ्या दिवशी, दुसरा आठवड्यानं. जास्तीत जास्त लोक पहिल्याच आठवड्यात परत पेटवतात, महिन्यानं विचारून उपयोग नाही. १४ आठवड्यांनंतर सरकारी वेळापत्रकात थेट नऊ महिन्यांचा गोवर-रुबेला येतो, आणि मधल्या त्या मोकळ्या काळात बरेच जण घसरतात. सहाव्या महिन्याला वरचं अन्न सुरू करण्याच्या नावाखाली एक भेट लावून घ्या.

नऊ महिन्यांना बाप अभिमानानं सांगेल, “बिडी सोडली!” तेव्हा तोंड बघा. पुष्कळदा बिडी सुटलेली असते आणि ओठाखाली तंबाखू आलेली असते. बाळाच्या छातीपुरता फायदा झाला, तो मान्य करा, आणि केसपेपरवर ‘बदलली’ असं लिहून गम परत सुरू करा. सोडली नाही, बदलली. ई-सिगारेट हा पर्याय म्हणून सांगू नका, २०१९ पासून देशात त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

परत ओढायला लागला असेल तर “किती दिवस सुटली होती?” हा पहिला प्रश्न. दुसरा, “पहिली कुठे, कोणाबरोबर पेटवली?” उत्तर बहुतेक वेळा दारू, टपरी किंवा मयत. पुढची तारीख ठरवताना त्याच जागेचा बंदोबस्त आधी करायचा. दोन नीट प्रयत्न फसले, किंवा दारू, नैराश्य, फिट्स सोबत असतील, तर फिजिशियन किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडायच्या गोळ्या त्यांच्या हातात सोपवा. फिट्स येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, दंत महाविद्यालयांतही असतं. राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ फुकट आहे, तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो आणि मराठीत बोलणारे समुपदेशक मिळतात. नुसता क्रमांक लिहून देऊ नका. बाप समोर बसलेला असताना त्याच्याच फोनवरून लावून द्या, पहिला संवाद तुमच्या खोलीत होऊ द्या.

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या खालच्या ओळीत “घरातील तंबाखूचा धूर – वडिलांवर उपचार सुरू” असं लिहा. पुढच्या खेपेला पोर रात्री दोन वाजता दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं, तरी त्यालाही हाच प्रश्न विचारायचं सुचेल.